पापणीवर काळी खपली? रांजणवाडी समजून अंगावर काढू नका

पापणीला पुळी आली की गावाकडे पहिलं नाव निघतं ते रांजणवाडीचं. कुणी लवंग उगाळून लावतं, कुणी तळहातावर बोट घासून शेक देतं. बहुतेक वेळा ती रांजणवाडीच असते आणि आठवडाभरात बसते. पण त्याआधीच्या काही दिवसांत गोठ्यातलं जनावर अचानक मेलं असेल आणि ते ओढताना, सोलताना किंवा मटणाचे वाटे करताना हात लागला असेल, तर गोष्ट वेगळी असू शकते.

जनावरांत ज्याला फाशी म्हणतात, तोच रोग माणसात काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स. रक्ताळलेला हात डोळ्याला लागला, तिथे बारीक खरचटलेलं असलं की जंतू शिरतो. साधारण एक ते सात दिवसांत खाजरी पुळी येते, मग पाण्याचा फोड आणि नंतर कोळशासारखी काळी खपली. पापणीची कातडी पातळ, त्यामुळे सूज भराभर वाढते. डोळा मिटतोच, कधी सूज गालावरून मानेपर्यंत उतरते. एवढं होऊनही ती जागा सहसा दुखत नाही. रांजणवाडी ठणकते, ही ठणकत नाही. दुखत नाही म्हणून माणूस घरी बसतो, घोळ इथेच होतो.

पापणीची काळपुळी दुर्मीळच. तुर्कस्तानच्या पूर्व भागातल्या पशुपालकांत डोळ्यांच्या डॉक्टरांनी असे रुग्ण नोंदवले आहेत. आपल्या देशात ओडिशाच्या कोरापुट भागात मेलेल्या जनावरांच्या मांसातून अँथ्रॅक्सच्या साथी आल्या आहेत. कातडीच्या अँथ्रॅक्सवर उपचारच झाले नाहीत तर शंभरात वीसपर्यंत रुग्ण दगावू शकतात. वेळेवर अँटिबायोटिक मिळालं तर मृत्यू क्वचितच होतो. खपली मात्र औषधांनीही लगेच जात नाही. ती खरवडू नये, फोडू नये. जखम भरताना कधी पापणी आखडून बाहेर वळू शकते, मग डोळा पूर्ण मिटत नाही आणि बुबुळ कोरडं पडून नजरेला धोका होतो. अशा वेळी पुढे पापणीची शस्त्रक्रिया करावी लागते.

म्हणून दवाखान्यात गेल्यावर ‘डोळा सुजलाय’ एवढंच सांगू नका. ‘आमची गाय अचानक मेली, मी हात लावला होता’ हे आधी सांगा. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा. (शेळ्या-मेंढ्यांच्या तोंडाला येणारा मावाही माणसाला होतो, पण तो बहुधा काही आठवड्यांत आपोआप बरा होतो.)

जनावर धडधाकट असताना अचानक मेलं, पोट फुगलं, नाका-तोंडातून किंवा गुदद्वारातून काळपट, न गोठणारं रक्त आलं, तर ते फाडू नका, सोलू नका, मटण वाटू नका. उघडं पडलेलं रक्त हवेत आलं की जंतूंचे बीजाणू होतात आणि ते मातीत कित्येक वर्षं टिकतात. पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. जनावर न फाडताही रक्ताच्या थेंबावरून तपासणी होते. ते खोल पुरायचं की जाळायचं, हेही तेच सांगतील. गावात पूर्वी फाशी येऊन गेली असेल तर दरवर्षीच्या लसीबद्दलही तिथेच विचारा.