केवळ बिंदू वाढवून अचूकता येत नाही

अवघड इंटिग्रलची अचूक किंमत काढण्याच्या गेल्या दोन शतकांच्या प्रयत्नांवर नजर टाकली, तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. मोठी प्रगती झाली ती आकडेमोडीचा वेग वाढल्यामुळे नव्हे, तर समोरचे फलन नेमके कुठे आणि का अडचणीत आणते, हे कुणीतरी आधी ओळखल्यामुळे. समान अंतरावरच्या बिंदूंतून अधिकाधिक वरच्या घाताची बहुपदी काढत गेलो की उत्तर सुधारत जाईल, हा विश्वास न्यूटन आणि कोट्स यांच्या सूत्रांनी रुजवला. पण नऊ बिंदूंच्या सूत्रातच काही गुणक ऋण होतात, 1901 मध्ये रुंगेने अशा बहुपदी टोकांशी बेफाम हेलकावतात हे दाखवले, आणि 1933 मध्ये पोल्याने सिद्ध केले की अगदी गुळगुळीत फलनांसाठीही ही सूत्रे खऱ्या उत्तराकडे जातीलच असे नाही. गाउसने 1814 मध्येच बिंदूंच्या जागाही आपणच निवडाव्यात, हा मार्ग दाखवला होता. मग n बिंदूंत 2n−1 घातापर्यंतच्या बहुपदींचे उत्तर तंतोतंत मिळते. मात्र फलन बहुपदीसारखे वागत नसेल, तर गाउसची पद्धतही अडखळते.

इंद्रधनुष्याच्या गणिताचा दाखला इथे बोलका आहे. एअरीने 1838 मध्ये प्रकाशाच्या तीव्रतेसाठी एक इंटिग्रल मांडले. ते अनंतापर्यंत पसरलेले आणि वाढत्या वेगाने धन-ऋण झोके घेणारे होते. हाताने, चिकाटीने केलेल्या आकडेमोडीतून त्याचा तक्ता −4 ते +4 एवढ्याच टप्प्यात तयार झाला. पुढे त्याने तो वाढवला, तरी जिथे तीव्रता शून्य होते असे जेमतेम दोन गडद पट्टे हाती लागले. मिलरने प्रयोगात तीस पट्टे पाहिले होते. 1850 मध्ये स्टोक्सने झोक्यांचे स्वरूपच सूत्रात बांधले आणि पन्नास पट्ट्यांच्या जागा काढल्या. फिलॉनने 1928 मध्ये तेच तत्त्व साध्या नियमात उतरवले : संथ बदलणाऱ्या भागापुरती परवलयाची जोड घ्यायची आणि ज्या साइन-कोसाइनने तो गुणला आहे, त्यासह येणारे इंटिग्रल तंतोतंत सोडवायचे.

टोकाशी अनंताकडे धावणाऱ्या फलनांचीही हीच गोष्ट आहे. 0 ते 1 मध्ये 1/√x चे इंटिग्रल बरोबर 2 येते. मध्यबिंदूच्या नियमाने दहा लाख बिंदू घेतले तरी उत्तर सुमारे 1.9994 मिळते, आणि अचूकतेचा आणखी एक अंक हवा असेल तर बिंदू शंभरपट करावे लागतात. त्याऐवजी x = t² लिहिले की आत फक्त 2 हा स्थिरांक उरतो आणि एकाच बिंदूत काम होते. ताकाहासी आणि मोरी यांनी 1974 मध्ये याच विचाराला व्यापक रूप दिले : चल असा बदलायचा की फलन दोन्ही टोकांना अतिवेगाने विरून जाईल, आणि मग साधा समलंब नियम लावायचा. सर्वांत प्राथमिक समजला जाणारा नियम योग्य रूपांतरानंतर सर्वांत धारदार ठरला.

यावर पहिला आक्षेप असा की आता हे सारे संगणकावर सोपवता येते. 1983 मध्ये ग्रंथरूपाने आलेल्या क्वाडपॅकसारख्या संचातील प्रणाली चूक जास्त असेल तिथे अंतराल आपोआप बारीक करतात, आणि चूक किती असेल याचा अंदाजही देतात. त्यांचे मोल मोठे आहे. पण तो अंदाजही तपासलेल्या बिंदूंवरूनच काढलेला असतो. दोन बिंदूंच्या मध्ये अरुंद शिखर दडले असेल, तर प्रणालीला शिखर असलेले आणि नसलेले फलन सारखेच दिसते. एचपी-34सी गणकयंत्रातील इंटिग्रलची कळ घडवणाऱ्या कहानने 1980 मध्ये ही मर्यादा स्पष्ट सांगितली होती : मोजक्या बिंदूंवर विसंबणारी कोणतीही पद्धत फसवता येते. शिखर कुठे असणार हे प्रश्नाच्या भौतिक स्वरूपावरून अभियंत्याला कळते. प्रणालीला ते सांगावे लागते.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. अभियांत्रिकीत भारांची मापेच दहा टक्के इकडेतिकडे असतात, मग इंटिग्रल आठ अंकांपर्यंत कशाला काढायचे? भारातल्या अनिश्चिततेसाठी आपण सुरक्षा गुणक ठेवतो, कारण ती आपल्याला माहीत असते. पण इंटिग्रलमधली चूक न दिसता पुढे सरकते. वस्तूच्या पृष्ठभागाचे लहान घटकांत तुकडे करणाऱ्या सीमा-घटक पद्धतीत अशी हजारो इंटिग्रल मिळून समीकरणांचा संच बनतो. जवळजवळ सारख्या दोन संख्यांची वजाबाकी आली की सहापैकी पहिले चार अंक निघून जातात आणि उरलेल्या दोनांवर ताणाचा निकाल ठरतो. बारीक भेग किंवा पातळ थर असलेल्या भागात 1/r सारखे (r म्हणजे अंतर) फलन घटकाच्या अगदी जवळ टोकदार होते, आणि गाउसचे नेहमीचे बिंदू तिथे तोकडे पडतात. डफीचे 1982 चे आणि तेलेसचे 1987 चे रूपांतर अशाच अडचणींवर उत्तर म्हणून आले. त्यांनीही आधी अडचणीची जागा ओळखली आणि बिंदू तिच्या बेताने मांडले.

म्हणून अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात समलंब आणि सिम्प्सनचे नियम शिकवताना सूत्राआधी तीन प्रश्न शिकवले पाहिजेत : फलन कुठे फुगते, कुठे झोके घेते, आणि कोणत्या चलात ते शांत होते? वेगवान संगणकाने या प्रश्नांची गरज कमी केलेली नाही. उलट, चुकीचे उत्तरही आता क्षणात आणि दहा दशांश स्थळांसह छापून येते, तेव्हा हे प्रश्न विचारण्याची जबाबदारी वाढली आहे.