पायमशीन, दप्तर आणि एक खोली

शिरूरच्या एका वस्तीत आम्ही एका ताईंच्या घरी बसलो होतो. ताई घरीच फॉल-पिको करतात, ब्लाउज शिवतात. नवरा रांजणगावच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे शिफ्टमध्ये. घर एका खोलीचे. एका कोपऱ्यात पायमशीन, दुसऱ्यात गॅस आणि मधल्या जागेत दोन मुलांची दप्तरे. तासाभरात ताईंनी मुलीला चार वेळा अभ्यासावरून उठवले. कशासाठी? सुईत दोरा ओवायला.

ही मुलगी जून २०२० मध्ये पहिलीत गेली, म्हणजे नावाने गेली. शाळेला कुलूप, अभ्यास व्हॉट्सॲपवर आणि घरातला एकुलता फोन बापाच्या खिशात. तो रात्री घरी येईपर्यंत पोरं झोपलेली. टीव्ही असणाऱ्यांना सह्याद्री वाहिनीवरच्या ‘टिलीमिली’चा थोडा आधार झाला. पहिली ते चौथीचे वर्ग सुरू करायला शासनाने परवानगी दिली ती १ डिसेंबर २०२१ पासून. तोवर मुलगी दुसरीत पोचली होती आणि काना-मात्रा जुळत नव्हती.

“मी दिवसभर घरातच होते की, तरी शिकवता आलं नाही,” असे ताई आजही म्हणतात. हे बोलणे आम्ही दौंडच्या वस्त्यांतही ऐकले आहे. आम्हाला ते पटत नाही. घरात असणे म्हणजे रिकामे असणे नव्हे. नगावर पैसे मिळतात तेव्हा पोराजवळ बसलेला अर्धा तास म्हणजे तेवढी मजुरी गेली. वर स्वयंपाक, पाणी, गिऱ्हाइकाचा तगादा. मग पाठीत धपाटा बसतो तो पोराच्या, आणि रात्री रडते ती आई. असे रोजचेच झाले, झोप उडाली, जीव नकोसा वाटू लागला तर १४४१६ या टेलिमानस नंबरवर मोफत बोलता येते, मराठीतही. ते वेडेपणाचे लक्षण नाही.

शरीराचेही ऐका. गिऱ्हाईक बसलेय म्हणून लघवी रोखून धरू नका. सार्वजनिक संडासात जायला नको म्हणून पाणी कमी पिऊ नका. जळजळ, ताप, पाठीत कळ आली तर सरकारी दवाखाना गाठा. उजेड डाव्या बाजूने येईल अशी मशीन ठेवा. अर्ध्या तासाने उठून दोन मिनिटे दारात उभे राहा, लांबचे झाड बघा. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या. बटणे, सुया, टाचण्या डब्यात बंद. रांगणारे मूल जे दिसेल ते तोंडात घालते.

अभ्यासाचे काय? आई कमी शिकलेली असली तरी चालते. या ताई चौथी शिकलेल्या. मशीन बंद असते तेव्हा, म्हणजे हातशिलाई करताना, त्या मुलीला मोठ्याने वाचायला लावतात आणि विचारतात, “पुढं काय झालं?” मुलीला गोष्ट सांगता आली म्हणजे तिला ती समजली. कापड मोजताना टेप मुलाच्या हातात देतात. दीड मीटरमधून पाऊण गेले, उरले किती?

जागेचा प्रश्न जुनाच आहे. परळच्या चाळीत एकाच खोलीत सारा संसार होता, म्हणून रामजीबाबा भीमरावांना लवकर झोपवत आणि पहाटे दोनला, खोली शांत असताना, अभ्यासाला उठवत. आज पोरांना दोन वाजता उठवा असे आम्ही मुळीच सांगणार नाही, त्यांना झोप पुरी हवी. पण शांत वेळ शोधायचे काम रामजीबाबांनी स्वतःच्या अंगावर घेतले होते, हे बापमंडळींनी ध्यानात घ्यावे. या वस्तीत संध्याकाळी दोन तास बुद्धविहार अभ्यासाला उघडतात. आया पाळीपाळीने बसतात, आणि शिफ्ट नसेल त्या दिवशी दोन-तीन बापही.

सणासुदीला मात्र मुलगी हातशिलाईला बसते. ताई ते लपवत नाहीत. शाळा बुडत नाही, पण अभ्यास बुडतो.

दोरा ओवायला मुलगी का लागते, हे आम्ही विचारले तेव्हा ताई हसल्या. “जवळचं दिसत नाही नीट.” चाळिशी आली की असे होतेच. आम्ही त्यांना दवाखान्यात डोळे तपासायला पाठवले. गेल्या महिन्यात चष्मा आला. आता सुई त्या स्वतः ओवतात.