तुंगारेश्वर : वीस वर्षांचा जमाखर्च

भिवंडी म्हटलं की यंत्रमागांची खडखड आठवते, आणि अलीकडे मैलोन् मैल पसरलेली गोदामं. याच तालुक्याच्या वायव्य कडेला वसई आणि वाड्याच्या हद्दीपर्यंत साग, ऐन, खैर, कळंबाचं पानझडी जंगल आहे, हे कित्येक भिवंडीकरांच्याही गावी नसतं. या डोंगररांगेतल्या सुमारे ८५ चौरस किलोमीटर वनाला २००३ मध्ये तुंगारेश्वर अभयारण्याचा दर्जा मिळाला. त्याला दोन दशकं उलटली. मुंबई-ठाण्यापासून तासा-दोन तासांवरचं हे जंगल निसर्ग पर्यटनाचं चांगलं ठिकाण होईल, असं तेव्हापासून बोललं जातं. किती झालं, हे आता तपासता येईल.

इथे माणसांचा राबता अभयारण्याच्या कितीतरी आधीचा. महाशिवरात्रीला आणि श्रावणी सोमवारी इथल्या तुंगारेश्वर महादेवाच्या दर्शनाला गर्दी लोटते. भिवंडीच्या बाजूला तानसा नदीकाठी वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडं आहेत. वज्रेश्वरीचं देऊळ १७३९ मध्ये वसई सर झाल्यावर चिमाजी अप्पांनी बोललेल्या नवसातून उभं राहिलं. जवळच्या दुगाडला डिसेंबर १७८० मध्ये इंग्रजांशी लढताना मराठा सेनानी रामचंद्र गणेश कामी आले. तिथेच गुमतारा किल्ला आहे. देव, कुंडं, किल्ले आणि जंगल एका दिवसाच्या टप्प्यात असणं, ही या भागाची खरी श्रीमंती. पण आलेला माणूस दर्शन घेतो, कुंडात डुंबतो आणि परततो. त्याला जंगल दाखवावं, असं फारसं कुणाला वाटलं नाही.

या जंगलाचं मोल कळायला एक बिबट्या कामी आला. २००९ मध्ये नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेल्या नराला बाहेर काढून, गळ्यात कॉलर बांधून माळशेज घाटात सोडलं गेलं. डॉ. विद्या अत्रेय यांच्या अभ्यासातला हा ‘आजोबा’ कसाऱ्यावरून, वसईमार्गे थेट बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत शंभरावर किलोमीटर चालत गेला. सह्याद्री आणि मुंबई यांच्यामधली तुंगारेश्वरसारखी तुटक हिरवी बेटं प्राण्यांसाठी अजूनही वाट आहेत, हे त्याने दाखवून दिलं. त्याच वाटेला चिंचोटी-कामण-भिवंडी रस्ता आणि दिवा-वसई लोहमार्ग छेद देतात. २०११ च्या अखेरीस घोडबंदर रस्त्यावर गाडीच्या धडकेने आजोबा मेला. २०१४ मध्ये त्याच्यावर मराठी चित्रपटही आला. वाट मात्र दरवर्षी अरुंदच होत गेली.

खर्चाची पानं पावसाळ्यात भरतात. चिंचोटीच्या धबधब्यावर बुडून मृत्यू होतात, मग बंदीचे आदेश निघतात, पुढच्या वर्षी पुन्हा तेच. मागे दारूच्या बाटल्या आणि प्लास्टिक उरतं. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर परशुराम कुंडाजवळच्या आश्रमाची बेकायदा बांधकामं पाडावी लागली. अभयारण्यात काय चालतं आणि काय नाही, हे वेळीच ठरवून पाळलं नाही की पुढे कुऱ्हाड श्रद्धेवर चालवावी लागते.

मग क्षमता आहे की नाही? आहे, पण मापात. बिबट्या दिसण्याची खात्री नसल्याने सफारीच्या गाड्या इथे फुकट जातील. फाल्गुनापासून पानं झडतात, गवत वाळतं, वणव्याची धास्ती असते. चांगला हंगाम पाऊस ओसरल्यापासून थंडी सरेपर्यंतचा : पायवाटा, पक्षी, फुलपाखरं, झाडांची ओळख. पनवेलजवळचं कर्नाळा याहून कितीतरी लहान, जेमतेम बारा चौरस किलोमीटरचं. पण तिथे फाटक आहे, शुल्क आहे, आखलेल्या वाटा आहेत. तुंगारेश्वरला गर्दी आधी आली आणि व्यवस्था मागे राहिली.

दुसरा प्रश्न पैसा कुणाच्या हाती जातो याचा. पायथ्याच्या पाड्यांवरचे वारली, कातकरी आणि मल्हार कोळी झाडं, कंद, रानभाज्या, जनावरांच्या पाऊलखुणा ओळखतात. वाटाड्या म्हणून त्यांच्याइतका जाणता माणूस शहरातून आणता येणार नाही. तरीही येणाऱ्या गर्दीतून त्यांच्या वाट्याला पाण्याच्या बाटल्या आणि भाजलेली कणसं विकण्यापलीकडे थोडंच येतं.

म्हणून हिशेबाचा निकाल असा : जंगल उत्तीर्ण, नियोजन नापास. वन विभागाने वज्रेश्वरीच्या बाजूने दोन-तीन वाटा आखाव्यात, दिवसाला किती माणसं सोडायची ते ठरवावं, पाड्यांवरच्या तरुणांना प्रशिक्षण देऊन शुल्कातला वाटा त्यांच्या समितीला द्यावा. भिवंडीच्या शाळांनी पहिली सहल इथेच काढावी. आणि गोदामं, रस्ते यांच्या परवानग्या देताना बिबट्याची वाट नकाशावर आधी आखून घ्यावी. ती बुजली तर पर्यटकांना दाखवायला डोंगर उरेल, जंगल उरणार नाही.