छाटणीनंतरचे यंत्र

मे महिन्याच्या उत्तरार्धात अंधेरी-बोरिवलीच्या किंवा घाटकोपर-मुलुंडच्या कोणत्याही जुन्या गृहनिर्माण संस्थेच्या आवारात पाऊल टाकावे, तो कुंपणालगत गुलमोहर, सोनमोहर, आंबा, देशी बदाम यांच्या छाटलेल्या फांद्यांचे ढीग हमखास दृष्टीस पडतात. 1975 च्या वृक्षसंरक्षण अधिनियमानुसार महापालिकेकडे दरखास्त करावी, उद्यान खात्याच्या अंमलदाराने पाहणी करावी, मंजुरी हाती पडावी आणि मगच कोयता चालावा, हा सारा रीतसर कारभार संस्थेचे चिटणीस चोख पार पाडतात. परंतु फांदी खाली आल्यावर तिची विल्हेवाट कशी लावावी, हा मामला त्या मंजुरीने मिटत नाही. 2016 च्या घनकचरा नियमांनी बागेचा कचरा जाळण्यास व रस्त्यावर टाकण्यास मनाई करून, तो आपल्याच आवारात वेगळा साठविण्याची जबाबदारी ज्याचे झाड त्याच्यावर टाकली. 17 मे 2021 रोजी तौक्ते वादळाने उपनगरांतील झाडे आडवी केली, तेव्हा ही जबाबदारी किती जागा अडवते, ते पुष्कळांना कळून चुकले.

या अडचणीवर तोड म्हणून फांद्यांचे बारीक तुकडे करणारा चिपर आता खाजगी आवारांतही डोकावू लागला आहे. उत्तर जर्मनीतील पीटर येन्सन याने 1884 साली असे यंत्र प्रथम घडविले, असे मानतात. पण आपल्याकडील वाचकास त्याची ओळख पटवायला जर्मनीपर्यंत जाण्याची गरज नाही, कारण गावाकडच्या गोठ्यातील कडबाकुट्टीचेच हे दांडगे भावंड आहे. जड पोलादी चकती, तिच्यावर बोल्टांनी आवळलेली पाती आणि समोर स्थिर बसविलेली पोलादी धार, एवढाच त्याचा गाभा. फरक इतकाच की, कडब्याऐवजी येथे लाकडाशी गाठ असल्यामुळे चकतीचे वजन, पात्याची जाडी आणि इंजिनाची ताकद, तिन्ही वाढतात.

नवे यंत्र बरेच महाग आणि काम वर्षातून एका हंगामाचे, म्हणून वापरलेले घेण्याचा विचार शहाणपणाचाच आहे. मात्र खरेदीदार बहुधा सर्वांत जाड फांदी डोळ्यांपुढे ठेवून यंत्र निवडतो, हे मला पटत नाही. जाड ओंडका करवतीने कापून बाजूला ठेवता येतो. खरी जागा खातात त्या मनगटाएवढ्या आणि त्याहून बारीक, आडव्यातिडव्या फांद्या. उत्पादकाने छापलेली 100 मिलिमीटरची क्षमता ही ओल्या, सरळ आणि मऊ लाकडाची असते. वाळलेल्या चिंचेपुढे तीच निम्म्यावर आली, तर तक्रारीस जागा नाही. विजेवरचे यंत्र शांत खरे, पण मोठ्या मोटारीला थ्री-फेज जोडणी लागते आणि ती बहुतेक इमारतींत उद्वाहन व पंप यांपुरतीच असते. तिथून आवाराच्या टोकापर्यंत लांबलचक बारीक वायर ओढली की, दाब घटून मोटार नुसती गुरगुरते. पेट्रोलचे यंत्र कोठेही नेता येते, परंतु त्याच्या गोंगाटाबद्दल तळमजल्यावरील रहिवाशांची संमती आधीच घेतलेली बरी.

पाहणीस जाताना विक्रेत्याला इंजिन आधी सुरू करून ठेवू नका, असे बजावून ठेवावे; थंड इंजिन किती ओढींत सुरू होते आणि निळा धूर सोडते का, यावरून त्याचे वय समजते, रंगावरून नव्हे. पट्टा काढून चकती हाताने फिरवावी: खरखर ऐकू आली किंवा दांडा वरखाली हलला, तर बेअरिंग गेले समजावे. पण तेवढ्यावरून सौदा मोडू नये, कारण बेअरिंग आणि पट्टे नागदेवी स्ट्रीटवर मिळतात. जे सहजी मिळत नाही तिकडे नजर हवी. चकतीला बोल्टांच्या छिद्रांभोवती केसासारखी चीर आहे का? पाती घासून घासून बोल्टांच्या जवळ आली आहेत का? सगळी पाती सारखी घासली आहेत का? (एक हलके झाले की चकती थरथरू लागते.) समोरच्या स्थिर धारेवर नख फिरवावे, ती गोल झाली असेल, तर पात्याला कितीही धार लावा, साल चिंध्यांसारखी लोंबतच राहते. तोंडाशी असलेला आणीबाणीचा दांडा तारेने बांधून निकामी केलेला दिसला, तर पुढची बोलणी तहकूब करावी. ज्याने तो बांधला त्याने बाकी देखभाल कशी केली असेल, याची रुजुवात वेगळी करायला नको.

चाचणीसाठी आपल्याच आवारातील फांद्यांची मोळी बरोबर न्यावी, आणि तीत एक झावळी अवश्य असावी. उपनगरात नारळ नाही असे आवार विरळा, आणि झावळीचे चिवट तंतू दांड्याला गुंडाळून भलीभली यंत्रे अडकतात. बाहेर पडलेले तुकडे मुठीत घेऊन पाहावेत: काठ स्वच्छ आणि आकार साधारण सारखा असेल, तर पाती शाबूत आहेत.

या तुकड्यांना आवारातच गिऱ्हाईक आहे. 2017 पासून महापालिकेने मोठ्या संस्थांना ओला कचरा आपल्या आवारातच जिरविण्यास फर्मावले, आणि त्या खतात मिसळायचा कोरडा भाग अनेक संस्था विकत आणतात. चिपरचा माल चाळून बारीक भाग तेथे वापरावा. जाड तुकडे लवकर कुजत नाहीत, ते आंब्याच्या आळ्यात पसरावेत, मात्र बुंध्यापासून वीतभर दूर, नाहीतर सालीपाशी ओल साचते.