घर बांधण्याआधी (भाग ५) : आबादीची रेघ

मागच्या भागात सातबारा वाचला. आबादीतल्या, म्हणजे गावठाणातल्या, घराचा सातबारा मात्र सहसा नसतो, आणि खरी अडचण तिथूनच सुरू होते.

पवनी तालुक्यातल्या आसगावात, चौरासच्या धानपट्ट्यात, घर वाढवायचं ठरलं की पहिला प्रश्न मिस्त्रीला जातो: स्लॅबला खर्च किती? त्याआधी विचारावं, आपली जागा आबादीच्या आत आहे की बाहेर? ही हद्द जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १२२ प्रमाणे जिल्हाधिकारी ठरवतात. सांदवाडी संपून धानाची बांधी लागते तिथंच ती असेल, असं धरू नका. भावांच्या वाटण्या होतात, मागं दोन खोल्या निघतात आणि पायवा हद्दीपलीकडे गेल्याचं घरात कुणाच्या ध्यानातही येत नाही.

इकडची मालगुजारी, म्हणजे गावचा सारा मालगुजारानं गोळा करण्याची पद्धत, १९५१ मध्ये संपली. तोवर आबादीतली जागा देणं मालगुजाराच्या हातात होतं. त्यामुळे कित्येक घरांमागे पिढ्यांची वहिवाट आहे, कागद नाही. ग्रामपंचायतीचा नमुना ८ असतो, पण तो कर आकारणीचा उतारा. त्यानं मालकी सिद्ध होत नाही. ही उणीव भरून काढायलाच ड्रोननं गावठाणं मोजण्याचा प्रयोग पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत झाला आणि २०२० पासून स्वामित्व योजनेतून देशभर गेला. मोजणीनंतर मिळकत पत्रिका मिळते. ती हाती आल्याशिवाय वाटणी किंवा कर्जाचं बोलणं पुढं नेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता घर केवढं? २०२१ मध्ये शासनानं ग्रामीण भागात सवलत दिली. सुमारे १,६०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर वेगळी परवानगी लागत नाही. मालकीचे कागद, नकाशा आणि बांधकाम नियमात असल्याचा अभियंत्याचा दाखला ग्रामपंचायतीत द्यायचा. त्यापुढे ३,२०० चौरस फुटांपर्यंत ग्रामपंचायत कागद तपासून प्रमाणपत्र देते, नगररचनाकाराकडे जावं लागत नाही. हे आकडे भूखंडाचे आहेत, बांधकामाचे नाहीत. तीस बाय चाळीसचा प्लॉट म्हणजे १,२०० चौरस फूट, म्हणून तो पहिल्या गटात बसतो. पण चारही बाजूंनी शेवटच्या इंचापर्यंत भिंत नेता येत नाही. सामासिक अंतर, मजले, चटई क्षेत्र यांचे नियम कायम आहेत. शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत लावल्यावर होणारी भांडणं सवलतीनं मिटलेली नाहीत.

हद्दीबाहेरच्या बांधीत शेतकऱ्याला शेतीच्या गरजेपुरतं शेतघर बांधता येतं. राहत्या वस्तीसाठी जमीन अकृषिक व्हावी लागते. प्रादेशिक आराखड्यात विकासयोग्य दाखवलेली, गावठाणापासून दोनशे मीटरच्या आतली जमीन कलम ४२-ड नुसार अकृषिक मानली जाते. ठरलेलं शुल्क मात्र भरावं लागतं. ‘दोनशे मीटरच्या आत आहे’ एवढ्या बोलीवर गुंठ्यानं प्लॉट विकत घेणाऱ्यांनी हा आराखडा आधी पाहावा.

ग्रामपंचायतीनं आबादीचा नकाशा कपाटात न ठेवता कार्यालयाच्या भिंतीवर लावावा. पायवा खोदण्यापूर्वी तो पाहणं प्रत्येक घराला जमलं पाहिजे.