घरोघरची परिचारिका: सिबिला मॉड

न्यूझीलंडमध्ये घरी जाऊन रुग्णसेवा करण्याची पद्धत रुजवण्यात क्राइस्टचर्चच्या सिबिला मॉड (१८६२–१९३५) यांचा वाटा मोठा. लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात शिकलेल्या मॉड १८९३ मध्ये क्राइस्टचर्च रुग्णालयाच्या मेट्रन (मुख्य परिचारिका) झाल्या. तीनच वर्षांत त्यांनी हे मानाचे पद सोडले आणि ड्रेसिंगच्या सामानाची पिशवी घेऊन त्या गरिबांच्या घरोघरी पायी फिरू लागल्या.

घरातली शुश्रूषा ही वॉर्डापेक्षा अवघडच म्हणायची. हाताशी डॉक्टर नसतो, उकळलेले पाणी आणि स्वच्छ कापड यांचीही खात्री नसते. जखम बांधता बांधता घरच्यांनाही शिकवावे लागते, कारण परिचारिका निघून गेल्यावर रुग्ण त्यांच्याच हाती असतो.

एकटीला हे पेलणारे नव्हते. १९०१ मध्ये या घरपोच शुश्रूषेसाठी संस्था स्थापन झाली, सोबत आणखी परिचारिका आल्या. क्षयरुग्णांसाठी मॉड यांनी तंबूंची वसाहतही उभारली आणि १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत शहरातील मदतकार्यात पुढाकार घेतला.

त्यांच्या नावाची संस्था आजही घरपोच सेवा देते. मॉड यांनी सुरुवात एकटीने केली; नवशिक्या परिचारिकेला मात्र अनुभवी सहकारिणीच्या देखरेखीखाली तयार करण्याची पद्धत आता देशभर आहे. पदवीनंतरच्या पहिल्या वर्षासाठी तसा स्वतंत्र कार्यक्रमच चालतो.