पंपाच्या मोटरसाठी एमसीबीची निवड

कांदिवलीतल्या बहुतेक सोसायट्यांत जमिनीखालच्या टाकीतले पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवायला पंप असतो. त्याच्या मोटरसाठी एमसीबी निवडताना दोन प्रवाह पाहावे लागतात. 3 अश्वशक्तीची, 415 व्होल्टची तीन फेजची मोटर पूर्ण भारावर सुमारे 5 अँपिअर घेते. थेट स्टार्टरवर सुरू होताना मात्र काही क्षण त्याच्या सहा-सात पट, म्हणजे 30 ते 35 अँपिअर.

एमसीबीतला चुंबकीय भाग मोठ्या प्रवाहाला तत्काळ तोडतो. ही मर्यादा बी प्रकारात रेटिंगच्या 3 ते 5 पट, सी प्रकारात 5 ते 10 पट आणि डी प्रकारात 10 ते 20 पट असते. म्हणून 6 अँपिअरचा बी प्रकार मोटर सुरू होतानाच पडेल. 10 अँपिअरचा, तीन पोलचा सी प्रकार सहसा टिकेल. सुरुवात जड असेल, तर डी प्रकार घेतात.

मात्र जादा भारामुळे मोटर 7 अँपिअर घेऊ लागली, तर 10 अँपिअरच्या एमसीबीला ते कळणार नाही आणि वाइंडिंग जळेल. हे काम स्टार्टरमधल्या ओव्हरलोड रिलेचे. तो नेमप्लेटवरील प्रवाहाइतका लावतात. एमसीबी शॉर्टसर्किटपासून वायरिंग वाचवतो, त्यामुळे वायरची क्षमता त्याच्या रेटिंगपेक्षा कमी नसावी. विजेच्या धक्क्यापासून संरक्षणासाठी अर्थिंग आणि आरसीसीबी लागतात.